फुकटचा पंखा

मिस्त्रीने साहेबाची कॉलर धरली तेव्हा साहेबाच्या हातात चहाचा कप होता. पहिली थप्पड बसली तसा चहा शर्टावर सांडला. दुसरीला चष्मा उडून टेबलाखाली गेला. पण कप काही हातातून सुटला नाही. घाबरलेला माणूस हातात असेल तेच धरून ठेवतो, मग तो कपाचा कान का असेना.

"अहो, कोण तुम्ही? काय पाहिजे काय तुम्हाला?"

"बाहेर एक पोरगी खोकते ना? जिला तुम्ही सगळे भोंगा म्हणता? तिचा भाऊ आहे मी. थोरला."

मिस्त्रीने खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर आपटला. पांढरा, बायकी, कोपऱ्यात निळं फूल भरलेला. मधोमध तांबडे डाग.

चष्मा नसल्यामुळे साहेबाला वाकून बघावं लागलं.

"रक्त आहे का हे?"

"नाही, तुझ्या बायकोची लिपस्टिक!"

आणि तिसरी. उभा जन्म रंधा ओढलेला हात तो. साहेब खुर्चीसकट मागच्या कपाटावर आदळला, ओठ फुटला, आणि मग कुठे एकदाचा कप फुटला.

केबिनच्या कोपऱ्यात एक छोटं पांढरं मशीन हिरवा दिवा लावून घुरघुरत होतं. हवा धुणारं मशीन. मिस्त्रीला ते माहीत होतं. धाकटीनेच हसत हसत सांगितलं होतं, आमचे साहेब वेगळी हवा खातात. मिस्त्रीने त्या मशीनला अशी लाथ घातली की ते भिंतीवर जाऊन आडवं पडलं. हिरवा दिवा तरी जळतच होता. निर्लज्जासारखा.

रुमाल सकाळी सापडला होता. धाकटी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी ऑफिसला निघून गेली होती. मिस्त्रीची बायको नणंदेचं अंथरूण काढायला गेली आणि उशीखालून तो निघाला. "अहो, हे बघा जरा," एवढंच ती म्हणाली. मिस्त्रीने बघितलं. पुढ्यातला चहा तसाच राहिला. भांडायला निघालेल्या माणसानेही सवयीने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, आणि बायकोने दारात आडवा घातलेला हात बाजूला सारून तो सुटला.

त्या घराला खोकला नवा नव्हता. त्यांचा बाप सुतार होता आणि भुसा खाऊन मेला. असंच म्हणायचं, दुसरा सभ्य शब्द नाही त्याला. बाप दिवसभर लाकूड कापायचा आणि रात्रभर ते खोकून बाहेर काढायचा. आईने घराला एक नियम घालून दिला होता, कपडे उंबऱ्याबाहेर झटकायचे. कितीही उशीर होवो, भूक लागो, आधी बाहेर उभं राहून झटकायचं, मग आत. बापाने तो नियम मरेपर्यंत पाळला. पण छातीला कुठला आलाय उंबरा? आत गेलं ते गेलंच.

बाप गेला तेव्हा मिस्त्रीला मिसरूड फुटत होतं आणि धाकटी दुधाचे दात पाडत होती. त्याने बापाची करवत उचलली आणि मनाशी गाठ मारली, ही पोरगी भुसा खाणार नाही. हातात पेन, बुडाखाली खुर्ची, डोक्यावर एसी. तिला शिकवताना त्याने स्वतःच्या लग्नाला उशीर केला, बायकोच्या बांगड्या मोडल्या, आणि ज्या दिवशी ती गळ्यात ओळखपत्र घालून आली, त्या दिवशी गल्लीभर सांगत फिरला, "आमची धाकटी आता काचेच्या इमारतीत बसते. खिडकीसुद्धा उघडत नाही तिथली. धुळीचा कण आत यायची टाप नाही!"

आणि तीच पोरगी वर्षभरात बापासारखी खोकायला लागली. तस्साच आवाज. पहिल्यांदा रात्री पलीकडच्या खोलीतून तो आला तेव्हा मिस्त्री झोपेत "बाबा, पाणी देऊ?" म्हणत उठून बसला होता.

डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं होतं, "घरात सुतारकाम कोण करतं?"

मिस्त्री उखडलाच. "मी करतो. पण मी कपडे उंबऱ्याबाहेर झटकतो, डॉक्टर. आमच्या घरात फरशीवर जेवून दाखवा तुम्ही."

"मग ऑफिसात धूळ असेल. बंद इमारती बाहेरून चकचकीत असतात. तक्रार करा, छत उघडून बघायला सांगा."

धाकटी मान खाली घालून रुमालाच्या कडेचे दोरे उपटत बसली होती.

"करशील ना तक्रार?" मिस्त्रीने जिन्यात विचारलं.

"बघते, दादा."

त्या "बघते"ला महिने झाले.

"मारामारी! अहो, मारामारी!" असं ओरडत बाहेरची माणसं केबिनच्या दाराशी जमली. पुढे यायची मात्र कुणाची छाती होईना. रखवालदार काठी घेऊन आला. त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवायचा अवकाश, मिस्त्रीने कोपर मागे मारलं. रखवालदार पोट धरून खाली बसला आणि काठी मिस्त्रीच्या हातात आली.

"दादा!"

गर्दी फोडून धाकटी आत आली. हातात ओलं फडकं. सकाळी सकाळी ही टेबलं पुसत होती म्हणजे. ते बघून मिस्त्रीचं डोकं आणखी फिरलं.

"तुला फरशा पुसायला ठेवलीय इथं? यासाठी शिकवली तुला?"

"दादा, सोड त्यांना. पाया पडते तुझ्या. घरी चल."

पुढचं तिला बोलता आलं नाही. खोकला आला. खोकता खोकता ती दाराची चौकट धरून वाकली, आणि मागून कुणीतरी सवयीने हळूच म्हणालं, "वाजला भोंगा."

म्हणणारा रोखपाल होता. ऑफिसात त्याला टकलू म्हणत. मिस्त्रीने काठी फेकून मारली. ती टकलूच्या कानाजवळून गेली आणि मागच्या पाण्याच्या मशीनवर आदळली. बाटली फुटून पाणी फरशीभर झालं.

"तक्रार करूनही तुम्ही काही केलं नाही," मिस्त्री साहेबाकडे वळला. "माणूस मरायची वाट बघताय?"

साहेब ओठाला हात लावून रक्त बघत होता. माणूस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. खोकणाऱ्या पोरीला दाराजवळ बसवा असं त्यानेच सांगितलं होतं. घरी झाडू नीट मारत जा असा सल्लाही त्याचाच. पण आत्ता तो जे बोलला ते मार खाल्लेल्या माणसाचं खरं बोलणं होतं.

"कसली तक्रार? हिने एकदासुद्धा तक्रार केली नाही. मीच म्हटलं होतं, छत उघडून बघूया का? तर हीच म्हणाली, नको, माझी जुनी सर्दी आहे."

"खोटं बोलतोस, हरामखोर!"

"विचारा ना तिला! समोर आहे ती. रोज सगळ्यांच्या आधी येऊन टेबलं पुसते, ते तरी कोण सांगतं तिला? बोट फिरवून बघा, कण मिळाला तर सांगा."

मिस्त्रीने धाकटीकडे बघितलं. तिने फडकं पाठीमागे लपवलं.

"नोकरी जाईल म्हणून गप्प बसलीस ना?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर हॉलमध्ये आला. एका टेबलावरून बोट फिरवलं. स्वच्छ. दुसऱ्यावरून फिरवलं. स्वच्छ. धाकटीच्या टेबलापाशी येऊन तो थांबला, आणि मग त्याने मान वर केली.

छताच्या पांढऱ्या चौकोनांमध्ये, बरोबर तिच्या डोक्यावर, हवा यायची जाळी होती. जाळीला काळी दाढी फुटली होती. वाऱ्याच्या झोताने ती दाढी हलत होती.

"हे काय आहे?"

त्याने हॉलभर नजर फिरवली.

"एसी कोण बघतं इथला? बोलवा त्याला!"

एसीवाला मजल्याच्या टोकाच्या मशीनखोलीत बसायचा, तिथूनच अख्ख्या मजल्याची हवा फिरायची. त्याला दोघांनी ढकलत आणला. हातात अर्धी खाल्लेली पोळी तशीच.

"जाळीआधी गाळणी असते ना याला? फिल्टर?" मिस्त्रीने विचारलं.

"असतो."

"कुठाय?"

एसीवाल्याने आधी साहेबाकडे बघितलं, मग घास गिळला. "काढून ठेवलाय. बसवला की चार दिवसांत तुंबतो. गार होत नाही म्हणून साहेब ओरडतात. हल्ली इतकं कुठून येतंय काय कळत नाही. पूर्वी असं नव्हतं."

"ऐकलंत?" मिस्त्री सगळ्या हॉलला उद्देशून गरजला. "यांच्या शर्टाला घाम येऊ नये म्हणून तुमच्या छातीची चाळणी केलीय यांनी. आणि तुम्ही हिला भोंगा म्हणता! अरे, भोंगा वाजतो तेव्हा पळायचं असतं, हसायचं नसतं!"

टकलूने मान खाली घातली. चहावाल्या मावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "खरंय बाबा, माझेपण डोळे चुरचुरतात." मग आणखी कुणाला आपला घसा आठवला, कुणाला नाक. कालपर्यंत एकाला बोलायला तोंड नव्हतं, आता प्रत्येकाला दुखणं फुटलं.

मिस्त्रीने पिशवीतून खिळे उपटायची हातोडी काढली आणि तो धाकटीच्या टेबलावर चढला.

"दादा, वर हात लावू नकोस!"

तिने धावत येऊन त्याचा पाय धरला. नुसता धरला नाही, लहानपणी जत्रेत हरवायच्या भीतीने धरायची तसा दोन्ही हातांनी मिठी मारून धरला.

"सोड, धाकटे."

"नको ना, दादा. ऐक माझं. एकदा तरी ऐक."

"आयुष्यभर ऐकलं तुझं. सोड!"

त्याने पाय झटकला. ती खुर्चीवर पडली. स्वतःच्या बहिणीला त्याने आजवर बोट लावलं नव्हतं. पण अंगात वारं शिरलं की कुणाला काय लागतं ते दिसत नाही.

पहिल्या घावाला जाळी वाकली. दुसऱ्याला तिच्या चारी बाजूंचे पांढरे चौकोन फुटले आणि त्यांचे तुकडे खाली नाचले. बायका किंचाळत भिंतीकडे सरकल्या. मिस्त्रीने हातोडीची नखी वरच्या पत्र्याच्या बोगद्यात अडकवली आणि सगळा भार टाकून खाली ओढली. एकदा. दोनदा. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या तट्ट झाल्या. तो शिव्या देत होता. साहेबाला, इमारतीला, बापाच्या खोकल्याला, देवाला. तिसऱ्या हिसक्याला सांधा निखळला आणि बोगद्याचं तोंड गाईच्या जिभेसारखं खाली लोंबलं.

आधी काळी गोधडी पडली. वर्षानुवर्षांच्या धुळीची, केसांची, धाग्यांची, सलग थापलेली. ती टेबलावर धप्पकन पडली आणि लोक "शी, शी" करत मागे हटले.

मग त्या गोधडीमागून दुसरं काहीतरी यायला लागलं. आवाज न करता, चाळणीतून पीठ पडावं तसं. मऊ. बारीक. लाल.

वास आधी आला. गोडसर, आणि शेवटी मिऱ्यासारखा नाकाला झोंबणारा. मिस्त्रीच्या नाकाने ओळखला तो वास. डोक्याने मागाहून.

याच मजल्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात दुसऱ्या कंपनीचं ऑफिस होतं. गेल्या उन्हाळ्यात तिथलं काम मिस्त्रीने केलं होतं. ते काम निघाल्याची बातमी धाकटीनेच आणली होती. त्यांना दारातलं लांबलचक काउंटर लाल लाकडाचं हवं होतं. परदेशी, महागडं, त्याने आधी कधी हात न लावलेलं लाकूड. घासायला लागलं की त्याचा भुसा हळदीसारखा अंगाला चिकटायचा, नखं लाल, भुवया लाल. बायको कपडे धुताना म्हणायची, "खून करून आलात का काय?"

तो हॉल बंद. खिडक्या उघडत नाहीत. पहिल्याच दिवशी माणसं गुदमरायला लागली. तेव्हा मिस्त्रीला भिंतीतली ती जाळी सापडली. हातातला पॉलिश पेपर तिच्याजवळ नेला तर तो चटकन जाऊन चिकटला. ओढत होती जाळी! मिस्त्रीने घासायचं मशीन उचलून थेट जाळीखाली नेलं. भुसा उडायचा आणि शहाण्या मुलासारखा सरळ जाळीत जायचा. हॉलमध्ये कणभर राहायचा नाही. मालक खूश, माणसं खूश. दुपारच्या सुट्टीत धाकटी डबा घेऊन पलीकडून यायची, तेव्हा त्याने तिला कागद चिकटवून दाखवला होता. "बघ कशी ओढते! फुकटचा पंखा. याला म्हणतात डोकं."

"जातं कुठे पण ते सगळं?" धाकटीने विचारलं होतं.

"बाहेर. आणखी कुठे जाणार?"

दोघं जिन्यात बसून जेवले होते. तिने आपल्यातली अर्धी भाजी त्याच्या डब्यात लोटली होती.

मिस्त्री टेबलावर उभा होता. भुसा त्याच्या केसांवर, खांद्यांवर, घामेजल्या हातांवर पडत होता आणि घामात भिजून आणखी लाल होत होता. हातोडी त्याच्या हातात होती. ती खाली ठेवायची असते हे त्याला सुचत नव्हतं.

"बापरे," टकलू म्हणाला. "हे काय आहे लाल लाल?"

एसीवाला पुढे झाला, चिमूटभर उचलून त्याने बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने वर मिस्त्रीच्या हातांकडे बघितलं. मग हातोडीकडे. मग भिंतीकडे, जिच्या पलीकडे ते काउंटर होतं.

"गंज आहे," धाकटी म्हणाली.

ती खुर्चीतून उठली होती. आवाज बसलेला, पण स्पष्ट.

"पत्र्याचा गंज आहे. जुनी इमारत आहे ना."

"गंज कसा असेल?" एसीवाला बोलून गेला. "जस्ताचा पत्रा आहे हा, त्याला..."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. एसीवाल्याच्या मशीनखोलीत त्यानेच काढलेला फिल्टर भिंतीला टेकून उभा होता. तो त्याला आठवला असावा.

"लागतो," तो म्हणाला. "कधी कधी लागतो जस्तालाही."

"म्हणजे आम्ही गंज खात होतो?" मावशींनी कपाळावर हात मारला.

मग हॉलमध्ये एकच कल्ला झाला. जो तो साहेबावर तुटून पडला. रखवालदारसुद्धा पोट चोळत म्हणाला की मिस्त्रीने केलं ते बरोबरच केलं. टकलूने टाळी वाजवली. एकाची ऐकून दुसऱ्याने. बघता बघता अर्धा हॉल टेबलावर उभ्या असलेल्या त्या लाल माणसाकडे बघून टाळ्या वाजवायला लागला. साहेब फुटका ओठ सांभाळत पुढे आला. माणसांचा रंग बघून तोही मऊ झाला होता.

"पोलिसांना बोलवणार नाही मी," तो म्हणाला. "आजच सगळं साफ करून घेतो. तुमच्या बहिणीच्या औषधपाण्याचंही बघू. मिस्त्री, तुमच्यामुळे डोळे उघडले." आणि त्याने हात पुढे केला.

मिस्त्रीने तो हात बघितला. स्वतःचा बघितला. आणि स्वतःचा खिशात घातला.

तो टेबलावरून उतरला. धाकटीने त्याला दंडाला धरून खुर्चीच्या पाठीला टेकवलं. केबिनच्या टेबलावरचा तिचा रुमाल मावशींनी मघाच आणून तिच्या हातात कोंबला होता. त्याची कोरी बाजू घेऊन तिने भावाचं कपाळ पुसलं. रुमाल खाली आला. मिस्त्रीला त्यावरचा नवा डाग दिसला, शेजारी सकाळचा जुना डाग दिसला. दोन्हींत काही फरक नव्हता.

"कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं. ओठ हलले तेवढंच.

तिने रुमालाची घडी घातली. डाग आतल्या बाजूला.

"धाकटे, मला..."

"दादा, इथं काही बोलू नकोस." तिने त्याच्या खांद्यावरचा भुसा झटकायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला. "घरी जा. वहिनी काळजी करत असेल. आणि कपडे उंबऱ्याबाहेर झटक."

मग तिला पुन्हा खोकला आला. या वेळी कुणी काही म्हणालं नाही. सगळे अदबीने थांबले, मावशी पाणी आणायला धावल्या.

मिस्त्रीने मान हलवली. हत्यारांची पिशवी उचलायला तो वाकला, तसा त्याच्या पाठीवरचा लाल भुसा ओघळून धाकटीच्या खुर्चीवर सांडला.